बोटाच्या कडेला टोचायचं असतं, हे मला चोवीस दिवसांनी कळलं

मी सांगलीत घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको पण करते, वीस वर्षं झाली. म्हणजे बोटात सुई जाणं हा काही नवीन प्रकार नाही माझ्यासाठी, उलट मला वाटायचं की लोक शुगर चेक करायला एवढे का घाबरतात, एक टोचणी तर असते. असं बोललेलं कुणीतरी वरून ऐकत असावं.

शुगर २०१६ पासून आहे, गोळ्या चालू होत्या. आमच्या घरात नवीन नाही हा आजार, माझ्या वडिलांना, आप्पांना पण होता. ते ग्लुकोमीटर वगैरे आमच्याकडे यायच्या आधीचे. मोरीत काचेची नळी, त्यात निळं बेनेडिक्टचं पाणी, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर बरं, हिरवं-पिवळं झालं तर आईचा चेहरा पडायचा आणि विटकरी झालं की त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, म्हणजे आप्पांना कळायचं ते उशिराच कळायचं, आणि साखर कमी झालेली तर त्या नळीत कधी दिसलीच नसती. हे मला आत्ता समजलं. पण एक आहे, आप्पांची बोटं कधी दुखली नाहीत.

जून २०२५ च्या सुरुवातीला मला काखेत गळू झालं. उन्हाळा, शिवणकाम, घाम, होतं असं म्हणून मी आठ दिवस हळदीचा लेप लावत बसले (हळदीच्या गावात दुसरं काय सुचणार). ९ तारखेला ताप आला तेव्हा हे मला मिरजेला घेऊन गेले. एचबीएवनसी ११.२. म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरीच एवढी चढलेली. गळू कापलं, पाच दिवस ॲडमिट, आणि १४ जूनला शनिवारी डिस्चार्ज देताना हातात दोन इन्शुलिनची पेनं, जेवणाआधी तीन वेळा एक आणि रात्री दुसरं, आणि कागदावर लिहिलेलं की रोज पाच वेळा शुगर बघायची. सकाळी उपाशी, दुपारी जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी, रात्री जेवणाआधी, झोपताना. इन्शुलिन कसं टोचायचं ते सिस्टरनी नीट दाखवलं, माझ्याकडून दोनदा करून घेतलं. बोट कसं टोचायचं ते काही कुणी दाखवलं नाही, सगळ्यांना येतच असेल असं धरून चालले असणार, आणि मी पण विचारलं नाही कारण मी सुईवाली बाई, मला काय विचारायचंय.

मीटर १,२५० ला पडलं, त्यात २५ स्ट्रिप आणि टोचायचं पेन फ्री. २५ स्ट्रिप पाच दिवसात संपल्या. मग ५० चा डबा १,१५० ला, म्हणजे एक स्ट्रिप २३ रुपये, दिवसाचे ११५, महिन्याचे साडेतीन हजाराच्या घरात. मी एक साधा ब्लाऊज अस्तर लावून ३५० ला शिवते, मग मी मनातल्या मनात हिशोब करायचे की आज तिसरा हिस्सा ब्लाऊज बोटातून गेला.

आता मी काय काय चुकीचं करत होते ते सांगते, कारण शुगरचं बोलायला ज्यांनी ज्यांनी मला फोन केले त्यातल्या निम्म्या बायका हेच करत होत्या.

मी तर्जनीच्या बरोब्बर टोकावर, जिथं सगळ्यात गुबगुबीत असतं तिथं टोचायचे. पेनवर खोलीचे आकडे असतात १ ते ५, माझं ४ वर होतं कारण दुकानातून तसंच आलं होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं की अगं एक सुई आठ दिवस चालते, कशाला रोज बदलतीस, म्हणून एकच लॅन्सेट आठवडाभर. स्पिरिटच्या कापसानं बोट पुसायचं, वाळायची वाट न बघता टोचायचं, मग झणझणणार नाही तर काय. आणि रक्त आलं नाही की बोट लिंबासारखं पिळायचं. थेंब लहान पडला की मीटरवर एरर, स्ट्रिप वाया, २३ रुपये गेले, परत दुसरं बोट.

पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात हिरवी मिरची चिरताना जी आग झाली ती रात्री झोपेपर्यंत. लिंबू पिळायचं तर बंदच. जुलै लागला तेव्हा दोन्ही तर्जन्या अशा झालेल्या की मोबाईलवर टाईप करताना पण नको वाटायचं, कातडी कोरडी, काळे ठिपके, चाळणीसारखी. गंमत म्हणजे पोटात चार वेळा इन्शुलिन घेत होते ते कळायचं सुद्धा नाही, सगळं दुखणं काय ते बोटांत. नंतर दवाखान्यात शुगरचं शिकवणाऱ्या एक ताई भेटल्या, त्यांनी सांगितलं की पोटापेक्षा बोटांच्या टोकाला कितीतरी जास्त नसा, म्हणून तर आपण कापड नुसतं चिमटीत धरून सूत ओळखतो.

आणि त्यात आमचा सीझन. २५ जुलैपासून श्रावण, म्हणजे मंगळागौरीचे ब्लाऊज जूनअखेरपासूनच यायला लागतात. मशीन चालवायला त्रास नव्हता हो, पण हुक लावणं, काज, हातशिलाई, तुरपाई ही सगळी बोटांच्या टोकांची कामं. ५ जुलैला एक क्रीम रंगाचं सिल्क होतं, गिऱ्हाइकाच्या मुलीचं पहिलं मंगळागौर, गळ्याला तुरपाई करत होते आणि बघते तर बाहीच्या वर लाल ठिपका. अर्ध्या तासापूर्वी टोचलेलं बोट कापड दाबताना परत उघडलं होतं. ज्या बायका शिवतात त्यांना माहीत असेल, आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीनं निघतो, पांढरा दोरा तोंडात ओला करून तो डागावर फिरवायचा, ताजा असेपर्यंतच. निघाला. पण त्या दिवशी मी रडले, साधंसुधं नाही, मशीनवर डोकं ठेवून. ह्यांनी विचारलं काय झालं तर म्हटलं मला हे टोचायचं नाही आता, जे व्हायचं ते होऊ दे.

पुढचे तीन दिवस मी खोटे आकडे लिहिले. माप लिहायच्या वहीतच मागच्या पानांवर शुगर लिहायचे मी, तिथं १३०, १४५, १२८ असं काहीतरी टाकलं. हे लिहायला लाज वाटते पण लिहिते, कारण डॉक्टर त्या आकड्यांवर इन्शुलिन ठरवतात, आणि मी त्यांना खोटी मापं देऊन ब्लाऊज बेतायला सांगत होते.

८ जुलैला फॉलोअप होता. डॉक्टरांनी वही बघितली, मीटर मागितलं, मीटरमध्ये तारखेसकट सगळं सेव्ह असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तीन दिवस कोरे. ते काही बोलले नाहीत, नुसतं म्हणाले हात दाखवा. मग बाहेरच्या खोलीत एक डायबेटिस एज्युकेटर ताई बसतात त्यांच्याकडे पाठवलं. वीस मिनिटं, वेगळी फी नाही. ती वीस मिनिटं १४ जूनला मिळाली असती तर एवढं सगळं लिहायची वेळ आली नसती.

ताईंनी आधी माझं पेन ४ वरून २ वर आणलं. म्हणाल्या थेंब नाही आला तर ३ करा, पण खालून वर जायचं, वरून खाली नाही. लॅन्सेट प्रत्येक वेळी नवीन, कारण ती एकदा टोचली की टोक वाकतं-बोथट होतं आणि बोथट सुई कातडी फाडत जाते. मी म्हटलं हो की, बोथट सुईनं सिल्कचा धागा ओढला जातो. त्या हसल्या, म्हणाल्या तुम्हाला तर मग सांगायलाच नको. (शंभर लॅन्सेट १८० ला मिळतात, एक दोन रुपयाला सुद्धा नाही, मी २३ रुपयांची स्ट्रिप वापरत होते आणि दोन रुपये वाचवत होते.) सुईवर २८, ३०, ३३ असे नंबर असतात, नंबर मोठा तेवढी सुई बारीक, मला ३० वरून ३३ दिली. तुमच्या पेनमध्ये बसते का ते बघून घ्या, सगळ्या सगळ्यात बसत नाहीत.

मुख्य म्हणजे जागा. टोकावर नाही, मधल्या गादीवर नाही, नखाच्या बाजूला जी कड असते तिथं. दोन कडा धरल्या तर एका बोटाला दोन जागा. मग आम्ही बसून ठरवलं की शिवणाऱ्या बाईची कुठली बोटं रिकामी असतात. उजव्या हातात सुई, म्हणजे अंगठा, तर्जनी गेली, मधल्यावर अंगुस्तान. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कापड धरणार. राहिलं काय, डावं मधलं, डावी अनामिका, उजवी अनामिका. करंगळीला मांस कमी, ती अगदी गरज पडली तरच. तीन बोटं, सहा कडा, रोज पाच टोचण्या, म्हणजे एका जागेला साधारण एक दिवसाची सुट्टी. सोमवारी अमुक बोट असलं मला लक्षात राहत नाही, मी डाव्या मधल्यापासून सुरू करून क्रमानं पुढं जाते, एवढंच.

स्पिरिट बंद. कोमट पाण्यानं साबण लावून हात धुवायचे, नीट पुसायचे, हात खाली सोडून अर्धा मिनिट झटकायचे, तळव्याकडून बोटाकडं हलकं चोळत आणायचं, टोचायचं. टोक पिळलं की रक्ताबरोबर आतलं पाणी येतं आणि आकडा चुकतो. टोचून झालं की कोरडा कापूस दाबून धरायचा, अर्ध्या मिनिटात सोडायचा नाही. रात्री खोबरेल तेल, पण सकाळी टोचायच्या आधी धुवून.

हात धुण्यावरनं एक किस्सा. जूनमध्ये, पायरी संपत आलेली, मी मुलासाठी रस काढला, मी एक थेंब चाखला नाही, हात नुसता पदराला पुसला आणि टोचलं. ३१८. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावायला घेतला. मी हात धुवून परत बघितलं तर १७१. बोटावरची आंब्याची साखर मोजत होते मी.

फरक किती दिवसात पडला विचाराल तर साधारण दहा दिवस. जुन्या जखमा भरल्या, कातडी जरा सुटली. दुखणं शून्य झालं असं नाही, पण मुंगी चावल्यासारखं, आणि ते अर्ध्या मिनिटात विसरायला होतं.

मग ४ ऑगस्टचा सोमवार. श्रावणी सोमवार मी लग्नापासून करते. डॉक्टरांना विचारलं नाही, सकाळचं इन्शुलिन नेहमीसारखं घेतलं आणि खाल्लं मात्र काही नाही, खिचडी दुपारी करू म्हणून. अकराच्या सुमारास हातातली कात्री जड झाली, घाम, छातीत धडधड, समोरचं गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकू येतंय पण कळत नाही. टोचलं तर थेंबच येईना, हात गार आणि ओले. तिसऱ्या बोटाला आला, ५८. सासूबाईंनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. ताईंनी शिकवलेलं आठवलं, ७० च्या खाली गेलं की पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बघायचं. ८३ आली. मग खिचडी. सासूबाई म्हणाल्या, "महादेवाला माझं मी सांगते, तू जेव." तेव्हापासून उपास बंद. आणि त्या दिवसापासून मला टोचण्याचा राग येणं कमी झालं, कारण ५८ हा आकडा दिसला नसता तर मी ते उपासाची चक्कर म्हणून अंगावर काढलं असतं.

गणपतीत (२७ ऑगस्टला बसले) एक मोदक खाल्ला, दोन तासांनी बघितलं, १९४. दुसऱ्या दिवशी एकच मोदक पण भात सोडून, १६२. कुणाचं काही ऐकायची गरज राहिली नाही. पाहुण्यांसमोर मीटर काढायला आधी लाजायचे, आता तिथंच पाटावर बसून काढते. कुणी ना कुणी हळूच म्हणतं माझी पण बघ की. त्यात एक सांगते, दुसऱ्याची बघायची तर लॅन्सेट नवीन असली तरी तेच पेन वापरायचं नाही, पेनच्या तोंडाला रक्त लागलेलं असू शकतं. टोचून झालं की लगेच फेकून देता येते तशी सुट्टी लॅन्सेट मिळते, ती वापरा.

आता पैशांचं. ह्यांच्या ऑफिसात कुटुंबाच्या औषधांचा खर्च मिळतो. १४ जून ते ३१ ऑगस्टपर्यंतची सगळी बिलं लावली, स्ट्रिप ९,२००, मीटर १,२५०, लॅन्सेट ७२०, एकूण ११,१७०. ३ सप्टेंबरला दिली. १९ तारखेला परत आली, शेरा असा की चाचणी पट्ट्या हे औषध नसून साहित्य आहे, सबब परतावा देय नाही. हे घरी येऊन गप्प बसले. मी म्हटलं काज चुकलं तर अख्खा ब्लाऊज टाकतो का आपण, उसवू आणि परत करू. डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घेतलं की पेशंट इन्शुलिनवर आहे, प्रत्येक डोस रीडिंगवर ठरतो, रोज पाच वेळा तपासणी आवश्यक, कालावधी सहा महिने. बिलांवर पेशंटचं पूर्ण नाव पाहिजे, नुसतं आडनाव चालत नाही, बॅच नंबर पाहिजे. क्लार्कनं स्ट्रिपच्या डब्यांची झाकणं मागितली, मी ती टाकून दिली होती, आठपैकी तीन पिकोच्या धाग्यांच्या डब्यात सापडली. ७ ऑक्टोबरला परत सादर, आणि १२ डिसेंबरला खात्यात ४,६०० आले, स्ट्रिपचे निम्मे. मीटर आणि लॅन्सेटचे नाहीत. बरं, शून्यापेक्षा ४,६०० बरे. तुमच्याकडे असं काही असेल तर पहिल्या दिवसापासून डबे आणि बिलं एका पिशवीत टाकत जा आणि प्रिस्क्रिप्शनवर 'दिवसातून किती वेळा' हे लिहून घ्या, नुसतं 'शुगर चेक' असलं तर अडवतात.

अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. मी पेपर घेऊनच दुकानात गेले, आधी म्हणाले जुना स्टॉक आहे, मग बिल काढलं तर १,१५० चा डबा १,०७८ ला आला. डब्यावर छापलेली किंमत जुनीच असली तरी बिलात बघून घ्या.

आणि स्वस्त पडतात म्हणून एकदम खूप डबे घेऊ नका. स्ट्रिपला एक्सपायरी असते, काहींची डबी उघडल्यावर तीन किंवा सहा महिन्यांतच संपवायची असते, आणि ओल लागली की आकडे वेडेवाकडे. मी डबी उघडली की झाकणावर खडूनं तारीख टाकते, कापडावर खूण करायचा तोच निळा खडू.

मीटरवर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न मला सतत पडायचा, कारण एकदा लॅबमध्ये १४२ आली आणि त्याच मिनिटाला माझ्या मीटरवर १५६. ताई म्हणाल्या १०० च्या वर पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मीटरला माफ आहे. म्हणजे मी जे लागोपाठ दोनदा टोचून 'खरा आकडा कुठला' बघत बसायचे ते सगळं फुकट. कापड सुद्धा इंचभर जास्त धरतोच की आपण.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या गर्दीत डॉक्टरांनी एकदा सेन्सर लावून बघू म्हणून सांगितलं. दंडाच्या मागं चिकटवतात, रुपयाच्या मोठ्या नाण्याएवढा, चौदा दिवस, पाच हजाराच्या आसपास. लावताना काही कळलं नाही, पहिला तासभर आकडा येत नाही, मग मोबाईलवर दिसतं. ६ तारखेला लावला. लावल्यावर लक्षात आलं की माझ्याच ब्लाऊजची बाही त्याच्यावर घासतेय, मग स्वतःच्या चार ब्लाऊजच्या बाह्या उसवून दोन दोन सूत सैल केल्या. ज्यांना लावायचाय त्यांनी आधीच करा हे.

सेन्सर रक्तातली नाही तर कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून काही मिनिटं मागं असतो. एकदा रात्री तीनला मोबाईल बोंबलला, ६१. घाबरून बोट टोचलं तर १०४. मी त्याच दंडावर झोपले होते, दाब पडला की असा खोटा कमी आकडा येतो म्हणे. म्हणजे सेन्सर लावला तरी बोटं सुटत नाहीत, शंका आली की टोचायचंच. पण कळलं बरंच. पहाटे चारपासून सातपर्यंत काही न खाता माझी साखर आपोआप चढते. पोह्यांनी २४० पर्यंत जाते, भाकरी-उसळीनं १७० च्या आसपास थांबते. रात्रीचा डोस बदलला डॉक्टरांनी.

१० सप्टेंबरला एचबीएवनसी ८.१ होती, १५ डिसेंबरला ७.२. आता रोज तीनच वेळा टोचते, सकाळची ठरलेली, आणि एका जेवणाच्या आधी-नंतर, आज नाश्ता, उद्या दुपार, परवा रात्र असं फिरवत. हे डॉक्टरांनी कमी केलंय, मी नाही, तुम्ही पण आपल्या मनानं करू नका.

वापरलेल्या सुया मी जाड प्लास्टिकच्या हार्पिकच्या बाटलीत टाकते. पहिली बाटली भरली तेव्हा बूच टेपनं बंद करून मिरजेला नेली, तिथं लॅबमध्ये सुयांचा पांढरा डबा असतो, विचारलं तर घेतली. सगळीकडं घेतीलच असं नाही. कचऱ्याच्या पिशवीत मात्र सुट्ट्या टाकू नका, घंटागाडीवाल्यांचे हात आपल्यासारखेच असतात.

डाव्या मधल्या बोटावर अजून एक निबर ठिपका आहे, जूनमधला. तुरपाई करताना कधी कधी दोरा तिथं अडकतो. आणि माप-शुगरची वही अजून एकच आहे, वेगळी करते करते म्हणून राहिलंय. परवा एका वहिनींचा ब्लाऊज बेतायला घेतला तर छाती ३८, कंबर ३४, मुंढा १३८.